माझं खातं मलाच बंद

मुलगी लग्नानंतर परदेशी गेली, तेव्हा तिच्या ईमेल वाचायला मी पोलादपूरहून एसटीने महाडच्या सायबर कॅफेत जायचे. एकदा इंग्रजीत सूचना आली, की पासवर्ड भरला नाही तर खातं बंद होईल. मी घाबरून लगेच भरला. पुढच्या खेपेला खातं उघडेचना.

कॅफेवाल्याने पडद्यावरचा प्रश्न वाचला, "तुमची पहिली शाळा कोणती?"

मी वरंधची शाळा सांगितली. उत्तर चुकीचं ठरलं.

"काकू, ती सूचना खोटी असणार. तुमचा पासवर्ड चोरून चोराने उत्तरही बदललंय."

"मग मी मीच आहे, हे कुणाला सांगायचं?"

"आधी मुलीला कळवा," तो म्हणाला.

शेजारच्या फोन बूथवरून मी मुलीला फोन लावला. ती रडवेली होती. "आई, तुझ्या नावाने सगळ्यांना घाणेरड्या जाहिराती येतायत."

कॅफेवाल्याने मला नवं खातं उघडून दिलं, पासवर्ड कुणालाच सांगू नका म्हणून बजावलं. पण पहिल्या बाळंतपणात, तिकडे एकटी असताना मुलीने लिहिलेलं सगळं जुन्या खात्यातच राहिलं. तिच्याकडेही त्याच्या प्रती नव्हत्या.

"जाऊ दे गं आई," ती म्हणाली.

जाऊ देण्यावाचून मला दुसरं काही करताही येत नव्हतं.