अकरा नंबरची केबल

देवराम खैरनारने मालेगावात बावीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले. त्या खडखडाटात कान अधू झाले. माग बंद पडत गेले तसा तो नाशिकला बहिणीकडे आला आणि नदीवर बांधल्या जाणाऱ्या नव्या पुलावर फिटर म्हणून लागला. मधोमध उंच मनोरा आणि त्यावरून दोन्हीकडे ताणलेल्या मांडीएवढ्या जाड केबल, असा तो पूल. सगळा रस्ता त्यांच्यावरच तोललेला.

केबलची थरथर मोजणारी यंत्रं देवराम बसवायचा आणि त्या आकड्यांवरून संगणकावर गणित मांडायची रोहिणी मॅडम. सोसाट्याच्या वाऱ्यातही केबल चार बोटांपलीकडे हलणार नाही, असं तिचं गणित सांगत होतं. मे महिन्यातल्या वादळात ते खरंही ठरलं होतं.

जूनमधल्या एका दुपारी मोसमातला पहिला भुरभुर पाऊस होता, वारा बेताचाच. देवरामने जाता जाता अकरा नंबरच्या केबलवर हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. हादरा थेट कोपरापर्यंत आला होता. वर पाहिलं, तर केबल हातभर वरखाली होत होती. त्याने फोन लावला.

"मॅडम, अकरा नंबर लय हालतेय."

"वारा किती आहे?"

"बेताचाच हाय."

"मग शक्य नाही, काका. यंत्र तपासा."

"यंत्र नाय, मी डोळ्यानं बघतोय. तुम्ही या."

फोन खिशात टाकताना त्याचं लक्ष केबलच्या बुडाशी गेलं. तिथल्या जाड लोखंडी कड्याचे दोन बोल्ट गळून पडले होते आणि तिसरा फिरत होता. कड्याच्या बरोबर खाली, पुलाच्या कडेला टांगलेल्या फळीवर, नवसाबाई आणि आणखी दोघी रंग देत होत्या.

"वर या. डबे तिथंच सोडा," देवराम ओरडला.

दोघी शिडीने वर आल्या. नवसाबाईच्या कमरेच्या पट्ट्याचा हूक दोरात अडकला होता. ओल्या बोटांनी तो सुटेना. देवराम पालथा पडला, अर्धा खाली वाकला. डोक्यावर कडं खणखणत होतं, हे त्याला ऐकू येण्याऐवजी छातीत जाणवत होतं. हूक निघाला. त्याने तिला दंडाला धरून ओढून घेतलं आणि पाठोपाठ कडं निसटलं. फळी मोडून ते नदीत गेलं. नवसाबाई कितीतरी वेळ त्याची बाही सोडेना.

रोहिणी पोचली तेव्हा केबल हलतच होती.

"मेमध्ये तर याच्या दुप्पट वारा होता," ती म्हणाली.

"तेव्हा केबल कोरडी होती," देवराम म्हणाला. "वरच्या अंगाला बघा, पाण्याची धार उतरतेय."

गोल केबलवर पाण्याचा बारीक उंचवटा धरला होता. तेवढ्यानेही तिचा आकार बदलत होता आणि वारा तिला हेलकावत होता. रोहिणीने गणितात वारा धरला होता, पाणी धरलं नव्हतं.

कोणाला विचारून काम थांबवलंस, असं ठेकेदाराच्या साहेबाने देवरामला दरडावून विचारलं. रोहिणीने अहवालात स्वतःची चूक स्पष्ट लिहिली आणि ती पहिल्यांदा कोणी पाहिली तेही. नव्या गणितात आकडे जुळले. केबलच्या आवरणावर पीळदार पट्टी चढली, म्हणजे पाण्याची धार मोडावी. बुडाशी हादरे गिळणारे दट्टे बसले. उद्घाटन तीन महिने लांबलं. जानेवारीतल्या अवकाळी पावसात केबल दोन बोटंच हलली.

नवसाबाई मात्र पुलावर परतली नाही. ती आता ओझरला एका खानावळीत पोळ्या करते.