एक्सरेमामा आणि मान टाकणारा ट्रायपॉड

ज्या घरगुती फोटोत झाडून सगळे छाती फुगवून, ओठ आवळून, डोळे वटारून उभे असतील, तो खुशाल एक्सरेमामांचा समजावा. हे नाव त्यांना भाच्यांनी ठेवलं आणि मग सगळ्यांनीच उचललं. मामा इस्पितळात एक्स-रे काढतात. दिवसभर काचेच्या आडून एकच आज्ञा: "श्वास घ्या... रोखा... हलू नका... सोडा." घरी कॅमेरा हातात आला तरी तोंडातून तेच निघतं. नातेवाईक आता इतके तयार झालेत की मामांनी पिशवीची नुसती चेन उघडली तरी लहानथोर श्वास ओढून घेतात. घरात नव्यानेच आलेल्या एका जावयाने पहिल्या फोटोच्या वेळी भाबडेपणाने विचारलं होतं, "शर्ट काढू का?"

कॅमेरा वर्षातून दोनचारदाच बाहेर निघतो. निघाला की मामा त्याच्या मागे असतात, त्यामुळे फोटोत मामा सोडून सगळे. इतकी वर्षं कुणाला ते खटकलं नाही. लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली, सोमवारची निघायची वेळ ठरली आणि सामान भरता भरता ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे तुमचा एकच फोटो आहे. त्यात तुमचा अंगठा आहे. लेन्ससमोर आलेला."

मामा हसले आणि अंगठा मुठीत दडवला.

"रविवारी सगळे यायचेत," लेक म्हणाली. "आपला सगळ्यांचा एक फोटो हवाय मला. तुमच्यासकट."

"टायमर लावतो की. ट्रायपॉड आहे आपल्याकडे."

"तोच ना, चपलांवाला?" आतून मामींचा आवाज आला.

ट्रायपॉडचे पाय ठणठणीत होते. दुखणं होतं वरच्या हेडचं, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो त्या भागाचं. त्यात एक गोळा होता. कितीही आवळा, मोठी लेन्स लावली की दुपारच्या तासाला पेंगणाऱ्या पोरासारखा तो हळूहळू मान टाकायचा. मागच्या खेपेला मामा टायमर लावून धावत जाऊन बसले, तोवर कॅमेरा पुरता वाकला होता. चपलांचा फोटो सुरेख आला. एकही हललेली नव्हती.

"या वेळी स्टुडिओवाल्यालाच सांगू," मामी म्हणाल्या. "पोरगी चाललीय, प्रयोग नकोत."

मामांना ते फार लागलं. नवं हेडच घ्यावं म्हणून मेव्हण्यांना फोन केला तर ते म्हणाले, "घ्यायचं तर भारीतलं घ्या, आयुष्यभर बघायला नको." मेव्हण्यांचं स्वतःचं भारीतलं हेड अजून खोक्यातच होतं, म्हणजे तेही बघत नव्हतेच.

शनिवारी ड्यूटी संपताच मामा कॅमेरा, मोठ्या लेन्ससकट, काखोटीला मारून दुकानात गेले.

"काय काढता काका? पक्षी?" दुकानदाराने विचारलं.

"नातेवाईक."

"मग पळापळ नाही."

"छे. एकदा बसले की उठत नाहीत."

दुकानदाराने लांब दांड्याचं एक हेड दाखवलं. लोण्यासारखं फिरत होतं, पण ते व्हिडिओसाठी. मग गोळ्याचं महागडं आलं. ते पक्कं होतं, पण चार वेळच्या हौसेसाठी एवढं ओतायचं मामांच्या जिवावर आलं. गोळ्याचं स्वस्त आलं, त्याने दुकानातच मान टाकली. "अगदी आमच्या घरचंच वाटतंय," मामा म्हणाले.

शेवटी खालच्या फळीवरून तीन दांड्यांचं एक जडशीळ हेड निघालं. एक दांडा पुढे-मागे झुकवायचा, एक बाजूला कलवायचा, एक गोल फिरवायचा. दर दिशेला वेगळं आवळायचं.

"सावकाश काम आहे काका, घाईचं नाही. मांडून ठेवलेला नग आहे, कडेचा रंग गेलाय, म्हणून स्वस्तात देतो."

मामांनी कॅमेरा चढवला, लेन्स पुढे झुकवली, दांडा आवळला आणि हात काढून घेतले. श्वास रोखला. दुकानदार पिशवीत काहीतरी टाकत जुन्या स्टँडबद्दल बोलत होता, पण मामांना कुठलं ऐकू येतंय! कॅमेरा तसूभर हलला नाही.

"काका, बरं वाटतंय ना? चेहरा लाल झालाय."

"सोडा," मामा स्वतःलाच म्हणाले आणि पाकीट काढलं.

घरी येऊन हेड ट्रायपॉडवर बसवायला घेतलं, तर हेडचं भोक मोठं आणि स्टँडचा स्क्रू बारीक. आत नुसता डुगडुगत होता. उद्या दुकान बंद. मामा मटकन खाली बसले.

"काय झालं हो?" मामींनी विचारलं.

"स्टुडिओवाल्याला फोन कर."

मामींनी एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा स्क्रूकडे आणि त्या आत गेल्या. भांड्यांच्या कपाटात खुडबुड झाली. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर पितळेची एक एवढीशी रिंग होती, आतून-बाहेरून आटे पाडलेली. "तुमच्या पिशवीत खुळखुळत होती. मला वाटलं, कुकरचं काहीतरी आणलंत, म्हणून ठेवून दिली."

रिंग भोकात बसली, स्क्रू रिंगेत बसला. मामांच्या जिवात जीव आला.

"आता कुकरचं काय?" मामा म्हणाले.

"कुकर बरा आहे माझा. तुम्ही आधी पाणी प्या."

रविवारी सगळे दाटीवाटीने बसले. मामांनी तिन्ही दांडे आवळले, पुन्हा आवळले. "श्वास घ्या... रोखा!" टायमरचं बटण दाबून ते धावले आणि लेकीशेजारच्या रिकाम्या खुर्चीत आदळले. समोर पाहिलं. कॅमेरा ताठ. मान सरळ. लाल दिवा लुकलुकतोय. मामांना इतकं हायसं वाटलं की सवयीने तोंडातून निघूनच गेलं, "सोडा!"

पंधरावीस माणसांनी एकदम भस्सकन श्वास सोडला. कुणीतरी खिदळलं, मग सगळेच हसत सुटले, लेक बापाच्या खांद्यावर कोसळली, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा वाजला.

"अरे अरे, सगळे हलले!" मामा उठायला लागले. "परत काढू."

लेकीने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "हलू देत. हाच हवाय मला."

मामा बसले खरे, पण पोरं कॅमेऱ्याभोवती फोटो बघायला जमली तेव्हा हळूच जाऊन हेडची मान तेवढी चाचपून आले.