दुकानातला वरचा कप्पा

ओतूरच्या बसस्थानकाजवळचे हे किराणा दुकानदार बोलण्याआधी वजनकाटा पुसतात आणि शेजाऱ्यालाही ‘पावणं’ म्हणतात. माझा फ्रीज बंद पडला, तेव्हा मी निर्मात्या कंपनीला ग्राहक संरक्षण कायद्याचा हवाला देत खरमरीत पत्रे लिहीत होतो. पत्नीच्या इन्सुलिनचा डबा मात्र यांनी आपणहून दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतला. तो फ्रीज एका शीतपेय कंपनीने फुकट दिला होता. अट अशी, की आत फक्त तिच्याच बाटल्या ठेवायच्या.

एके दिवशी कंपनीचा तपासनीस आला. “हा डबा काढा, नाहीतर फ्रीज नेतो.”

मी संतापून कायदा सांगू लागलो. यांनी काटा पुसला. “न्या की राव! बाटली गरम झाली तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करंल. काकूंचं औषध गरम झालं तर काय करायचं?”

फ्रीज गेला. यांनी डबा कोरड्या माठात ठेवून माठाला ओले फडके गुंडाळले.

दुसऱ्याच दिवशी प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस नवा फ्रीज आणि तीच अट घेऊन हजर झाला.

“पावणं,” हे मला म्हणाले, “आता लिवा तुमचा कायदा. वरचा कप्पा काकूंचा.”

मोक्याचे दुकान मिळत असल्याने त्या माणसाने ते निमूट मान्य केले. ते कलम मी त्याच्या करारपत्रात उभ्यानेच लिहिले आणि खाली कृतज्ञतेने साक्षीदाराची सही केली.