डेमो मिस

"आवं आजी, नातवाला सोडाय आलाय व्हय? पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं."

मी म्हणाले, "मुलाखतीला आले आहे. इंग्रजीच्या जागेसाठी."

शाळेचा शिपाई माझ्याकडे बघत राहिला. मग ऑफिसच्या खिडकीकडे तोंड करून ओरडला, "ओ साहेब, हितं आजीबाई आल्यात डेमोला!"

आत कुणीतरी मोठ्यानं हसलं. क्लार्कचं डोकं खिडकीत आलं. "खडू आणलाय का घरनं? डेमोवाल्यांनी आपापला आणायचा. शाळेचा मिळत नाही."

आदल्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा केसांना काळा रंग लावला होता. तो फुकट गेला. समोरच्या दुकानात जाऊन खडूचा डबा विकत घेतला आणि परत आले. शिपायानं फाटक अर्धंच उघडलं. मी अंग चोरून आत गेले.

नातवंडांनो, मित्रा आणि अभय, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मित्रा पोरी, तुझ्यासाठी जास्त. त्या रविवारी फोनवर तू रडत होतीस. एका कंपनीनं मुलाखतीच्या नावाखाली तुझ्याकडून अख्खं काम करून घेतलं, ते वापरलं आणि नंतर तुझ्या मेलला उत्तरसुद्धा दिलं नाही. मी काही विचारायला गेले तर म्हणालीस, "आजी, राहू दे. तुला नाही कळणार."

मला कळतं. क्रमानं सांगते.

तुमच्या बाबांची नोकरी गेली हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. पैसे यायचे थांबले, आणि फोनवर ते उगीच फार हसायला लागले. तेव्हा समजलं. मी विचारलं नाही. पण पलूसच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला ती विनाअनुदानित होती. तिथं पेन्शन नाही. आजोबांच्या मागे मी एकटी. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागले, तेव्हा मनाशी म्हटलं, आता अर्ज करायचे.

केले. इस्लामपूर, मिरज, सांगली. शाळा झाल्या, शिकवणीवर्ग झाले. कुणी वय विचारून फोन ठेवला. कुणी म्हणालं, "मुलांना तरुण टीचर लागतात." मी तयारी सोडली नाही. आष्ट्याच्या घरात आरशासमोर उभी राहून 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर पाठ करायची. शेजारच्या आक्का खिडकीतून विचारायच्या, "कोण पावणं आल्यात वो बाई? इंग्रजीत भांडताय!"

मग सांगलीच्या या शाळेतून फोन आला. या, डेमो द्या. म्हणजे उमेदवारानं खऱ्या वर्गावर एक तास शिकवून दाखवायचा. रात्रभर पाठाचं टाचण काढलं. चित्रं कापली.

ऑफिससमोरच्या कट्ट्यावर माझ्याआधी एक मुलगी बसली होती. सुवर्णा. वडूजकडची. वडील आधी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडी जिरायती करतात. ही एम.ए., बी.एड. सांगलीत मावशीकडे राहून नोकरी शोधत होती. मावशी आता जेवताना बोलत नाही, म्हणाली. पायातली चप्पल नवी होती, टाचेला लागली होती.

"मॅडम, मला तिसऱ्यांदा बोलावलंय," ती हळूच म्हणाली. "म्हंजे घ्यायचं मनात असंल, न्हाई का?"

"असेल," मी म्हणाले. मनात हेवा वाटला.

मला आत बोलावलं. टेबलामागे संस्थेच्या मालकीणबाई. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणतात. समोर खुर्ची होती. बसा म्हणाल्या नाहीत. अर्ज चाळला.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"खटाव तालुक्यातल्या."

"ते झालं. पण म्हणजे... कुठल्यातल्या?"

त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. जन्मभर माहीत आहे. "आम्ही बौद्ध."

"अच्छा." मग त्यांनी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. माझे वडील फौजेत होते. छावणीच्या शाळेत मी इंग्रजीतूनच शिकले. त्या मान वाकडी करून ऐकत होत्या. म्हणाल्या, "इंग्लिश छान आहे हो तुमचं. तुमच्यात असं कमी बघायला मिळतं."

आणि मी 'थँक यू' म्हणाले.

उभी होते, काळे केस, हातात खडूचा डबा, आणि थँक यू म्हणाले. जागा हवी होती.

टाचण दाखवलं तर त्यांनी ते बाजूला सारलं. "तुमचं काही नको. सहावीवर जा. पुस्तकातला सातवा धडा घ्या. प्रश्नोत्तरं पूर्ण करून घ्या. गृहपाठ द्या." मला वाटलं, शिस्तीची शाळा आहे. बरं वाटलं.

वर्गात गेले. मुलं उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मिस." मी फळ्यावर माझं नाव लिहायला लागले. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "मिस, नाव नका लिहू. आमच्या लक्षात राहत नाही."

"का गं?"

"उद्या दुसऱ्या मिस येणार ना."

मागून एक पोरगा म्हणाला, "डेमो मिस रोज नवी असती. कवा कवा डेमो सर पण."

"आणि तुमच्या नेहमीच्या मिस?"

"त्या दिवाळीत सोडून गेल्या. तेव्हापासून रोज डेमोच." दोन वेण्यांची मुलगी डब्यात काय आहे ते सांगावं तशी सांगत होती. "पण धडे होतात, मिस. काल सहावा झाला. पिवळ्या साडीच्या मिसनी घेतला."

माझ्या हातातला खडू थांबला.

"आम्ही डेमो मिसला त्रास देत नाही," ती समजुतीनं म्हणाली. "एक मिस रडल्या होत्या."

"आणि एक मिस तर सारख्या येतात," मागचा पोरगा म्हणाला. "त्यास्नी आमी परमनंट म्हणतो!"

सगळा वर्ग हसला. मला कट्ट्यावरची सुवर्णा दिसली. टाचेला लागलेली चप्पल दिसली.

मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले. पुसायला काही नव्हतं तरी. दिवाळीपासून या शाळेला इंग्रजीची शिक्षिका लागत नव्हती. आमच्यासारख्यांची गरजच पुरत होती. एक जण येईल, धडा घेईल, आशा घेऊन जाईल. दुसऱ्या दिवशी दुसरी. खडूसुद्धा आमचाच.

धडा मी पूर्ण शिकवला. पोरांचा काय दोष. तास संपला तेव्हा दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "बाय, मिस." परत येणार का, असं तिनं विचारलं नाही. शिकली होती ती.

वहिनीसाहेब खुश होत्या. "मुलं शांत होती. छान. आता आलाच आहात तर सातवीवर एक तास घ्या. पुढच्या आठवड्यात परत बोलावू. मग बघू."

मी खुर्ची ओढली आणि बसले. खुर्चीचा आवाज झाला.

"सातवीवर जाणार नाही," मी म्हणाले. "दिवाळीपासून इथं रोज उमेदवार शिकवून जातात. पगार कुणालाच नाही. जागा कधी भरणार ते लेखी द्या. आजच्या तासाचं मानधन द्या."

त्या आधी हसल्या. मग हसू उतरलं. "मुलाखतीचे पैसे मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तुमच्यात ना बाई, हे हक्क-हक्क फार असतं."

"हो," मी म्हणाले. "आमच्यात असतं. आणि मघाशी थँक यू म्हणाले, ते परत घेते."

इंग्रजीत बोलले नाही. गरज नव्हती. खडूचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला होता. उचलला. बाहेर आले.

मला वाटलं होतं, सुवर्णाला सांगितलं की ती माझ्याबरोबर निघेल. सगळं सांगितलं. पोरं तिला काय म्हणतात, तेवढं सोडून. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा माझ्यावरच चिडत गेला.

"तुमचं झालं, मॅडम. आमचं काय?" ती म्हणाली. "मला घेणार हाईत त्ये. तीनदा उगं बोलवत्यात व्हय? तुमी का मोडताय माझं?"

तेवढ्यात आतून हाक आली. "सुवर्णा! सातवीवर जा." आणि ती गेली. जो तास मी नाकारला, तो घ्यायला. टाच उचलून, लंगडत.

घरी येऊन मी दोन दिवस पडून होते. नोकरी गेली नव्हती, मिळालीच नव्हती. तरी काहीतरी गेल्यासारखं वाटत होतं. चुकले का, हेही मनात आलं. अजून एक तास घेतला असता तर? 'अजून एक तास' ही भाषा आता माझ्या तोंडी आली होती, आणि सुवर्णाच्याही. शाळावाल्यांनी ती आम्हाला शिकवली होती. हे कळलं तेव्हा उठले.

तिसऱ्या दिवशी एसटीनं सांगलीला गेले. शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. तेव्हापासून रोज जाते. उमेदवार ओळखू येतात. इस्त्रीचे कपडे, छातीशी फाइल, फाटकाशी आल्यावर एकदा केसांवरून हात. मी प्रत्येकाला अडवते. आत जाण्याआधी पगार विचारा, म्हणते. नेमणूक कधी, ते विचारा. एखादा परत फिरतो. बाकीचे आत जातात. शिपाई म्हणतो, "आजी, घरला जावा. आमच्या पोटावर का पाय देताय?" सुवर्णा परवा चौथ्यांदा आली. माझ्याकडे न बघता आत गेली.

तिला नोकरी मिळालेली नाही. मलाही नाही. गोळ्या अजून एक दिवसाआड. बाबांना सांगा, मला माहीत आहे. खोटं हसू नका म्हणावं.

आणि मित्रा, त्या कंपनीला लिही. काम तू केलंस, नाव तुझं, पैसे द्या म्हणून लिही. बहुधा उत्तर येणार नाही. तरी लिही. कुणालाही थँक यू म्हणू नकोस.

तोंडानं सांगून पुरत नाही, हे माझ्या ध्यानात आलं आहे. उद्या सकाळी फाटकासमोर डांबरावर लिहिणार आहे. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत. 'इथं दिवाळीपासून इंग्रजीला शिक्षक नाही. फुकट शिकवू नका.' वरच्या मजल्यावरून सहावीच्या पोरांनाही वाचता येईल. शिपाई पाणी ओतेल. वाळलं की पुन्हा लिहीन.

रस्ता त्यांचा नाही. खडू माझा आहे.