पेटीला नळ किती?

माझी बायको मे महिन्यात गेली. मुलगी दिली आहे शिरपूरकडे, तिला सुरतेत पोचायला संध्याकाळ होणार होती. आमची खोली पत्र्याची. बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, त्यांचं दुपारपर्यंत पाणी झालं. शेजारी म्हणाले, आप्पा, आता थांबण्यात अर्थ नाही. मुलगी उतरली ती थेट स्मशानात. तिला आईचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून फोनवर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

म्हणून मी मंडळात विषय काढला. आमच्या गल्लीत सगळे खानदेशातले, लूमवर राबणारे. कोणी गेलं तर गावाकडची माणसं येईपर्यंत मढं ठेवायला विजेवरची थंड पेटी पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ती काही वर्गणीतून होणार नव्हती, मोठा दाता पाहिजे होता. तो शोधायला निघालो मी आणि मंडळाचा सेक्रेटरी. हा टेम्पो चालवतो, बोलण्यात हुशार.

कतारगामला एका कारखानदाराने चहा पाजला आणि विचारलं, नाव कुठे लिहिणार? पेटीवर, म्हटलं, तर त्याने पेन परत खिशात ठेवलं. देवळाच्या पायरीवर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा लोक नाव घालतात. मढ्याच्या पेटीवर कोण घालणार? आणि नाव न घालता देणारा मला अजून भेटायचा आहे.

मग पर्वत पाटियाला एका साडीवाल्या सेठकडे गेलो. सकाळची वेळ, बोहनी व्हायची होती. सेक्रेटरीने जिन्यातच बजावलं, "आप्पा, बोहनीआधी मढ्याचं नाव काढू नका."

बरं, म्हटलं. मी माझ्या गुजरातीत सांगितलं, "सेठ, गल्लीना माणसो माटे ठंडी पेटी जोईए."

सेठ खूश. "बहु सरस! पुण्यनुं काम. नळ केटला?"

मला कळेना. पेटीला नळ कशाला?

"चार राखो," सेठच म्हणाला. "अने नाम मोटुं लखजो. पाणी पिए एने देखावुं जोईए."

सेक्रेटरीने माझा पाय दाबला. कानात म्हणाला, "गप रहा आप्पा. चेक होऊ द्या, मग बघू."

मी तिसरी शिकलो, पण खोटं बोलून कोणाचं काही घेतलं नाही. म्हटलं, "सेठ, पाण्याची नाही. मेलेलं माणूस ठेवायची."

सेठने कानाला हात लावले. "सवार सवारमां, काका! कूलर लई जाओ, आजे आपुं. ए पेटी नहीं."

"चालेल सेठ, कूलर चालेल," सेक्रेटरी म्हणाला.

"चालणार नाही," मी म्हणालो आणि चपला घातल्या.

रस्त्यावर तो ओरडला, "बठ्ठं बिघाडी टाकं आप्पा तुम्ही! सोन्यासारखा सेठ होता!"

"असेल सोन्याचा. माझी लेक पाणी मागत नव्हती."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. कूलर आला. गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, चार नळ, वर सेठचं नाव. नारळ फोडायला मला बोलावलं होतं, मी गेलो नाही. पाणी गार आहे म्हणतात. मी घरच्या माठातलं पितो. मंडळात पेटीचं नाव काढलं की म्हणतात, एक काम झालं ना आप्पा, आता बस करा.

मी बस करत नाही. एकटाच फिरतो. आता दुकानाची पायरी चढायच्या आधीच सांगतो, मढ्याच्या पेटीसाठी आलोय. हाकलायचं तर आत्ताच हाकला, चहा मागवू नका.