दोनशे अकरावं पान

आमच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास वाचनाचा असतो. मी नाशिकरोडला एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्या दिवशी नववीच्या मुलांमध्ये जोरदार भांडण लागलं होतं. कल्पनेतली सगळ्यात भारी दुनिया कोणती? कुणाला ड्रॅगनची राज्यं हवी होती, कुणाला यंत्रमानवांनी चालवलेले ग्रह. एक मुलगा तर दोन बाकांच्या मध्ये उभा राहून आपल्या आवडत्या ग्रहाचा नकाशा हवेत काढून दाखवत होता. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं फेवरिट युनिव्हर्स कोणतं? एकच सांगायचं हां!" मी हसले. सांगणारही होते, पण ती दुनिया कोणत्या पुस्तकात आहे असं पुढे विचारलं असतं, तर मला उत्तर देता आलं नसतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. येवल्याहून रशीदचाचांचा मुलगा इम्रान बोलत होता. "दीदी, अब्बा गेले. सकाळी नमाज झाली, चहा मागितला, आणि..."

येवल्याला पोचेपर्यंत दफन झालं होतं. रशीदचाचांच्या घरातली माणसं परत येऊन ओट्यावर बसली होती. आत ज्या खोलीत त्यांचा माग होता, तिथे आता इम्रानच्या मुलांच्या सायकली उभ्या होत्या.

या खोलीत माझं लहानपण गेलं. माझे वडील कांदा मार्केटला हमाली करायचे आणि आई रशीदचाचांकडे रहाटावर रेशमाच्या कांड्या भरायची. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथेच यायची, कारण घराला कुलूप असायचं. दोन माग होते. एकावर चाचा, दुसऱ्यावर दत्तूभाऊ. चाचा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. पण त्यांच्या मागाशेजारच्या कोनाड्यात नेहमी चार-पाच इंग्रजी पुस्तकं असत. त्यांची बहीण देवळाली कॅम्पात दिलेली होती आणि मेहुण्यांचं रद्दीचं दुकान होतं. लष्करातल्या माणसाची बदली झाली की त्याच्या घरची पुस्तकं त्या दुकानात येत. चाचा ईदला बहिणीकडे गेले की त्यातली, ज्यांच्या कव्हरवर अजब चित्रं असतील ती, पिशवीत भरून आणत. त्यातलंच एक होतं पहिली पानं फाटलेलं. कव्हरवर धुक्यात तरंगणारी एक नाव, आणि वर आकाशात उलटं लटकलेलं एक शहर.

त्या पुस्तकातली गोष्ट चाचा आम्हाला सांगत. दोन दुनिया समोरासमोर, एकीच्या आकाशात दुसरीची घरं. मधून धुक्याची नदी वाहते, आणि ती ओलांडणारा नावाडी एकच. चाचा त्याला मल्लाह म्हणत. प्रत्येक फेरीला ही नदी मल्लाहची एक आठवण घेते. एका फेरीत तो आईचा आवाज विसरला, एका फेरीत आपलं नाव. म्हणून तो काय करायचा, तर नावेत बसलेल्या प्रत्येकाला एकेक गोष्ट सांगून ठेवायचा. तुम्ही एवढं लक्षात ठेवा, परत भेटलो की मला सांगा... अशी त्याची सगळी जिंदगी दोन्ही दुनियांतल्या लोकांकडे थोडी थोडी ठेवलेली होती.

चाचांची सांगायची एक रीत होती. साडीचं अंग विणताना हात आपोआप चालायचा, तेव्हा गोष्ट. पदर आला की गोष्ट बंद. पदरातल्या मोराला एकेक तार मोजावी लागते, तिथे तोंड उघडायचं नाही. मग महिना-महिना मल्लाह धुक्यात अडकून पडायचा. दत्तूभाऊ वैतागायचे, "ओ चाचा, त्या मोराला सोडा अन् माणसाला पार करा आधी! भिजून गेला असंल तो."

"भिजू दे. सरकारी नोकर नाही तो," चाचा मान वर न करता म्हणत.

पदर उतरून नवी साडी लागली की गोष्ट पुढे सुरू व्हायची. पण आधी परीक्षा! मल्लाहनं नावेतल्या लोकांना दिली, तशी चाचांनी आम्हालाही एकेक गोष्ट सांभाळायला दिली होती.

"हां, शांताबाई. मल्लाहच्या घराचं दार?"

"मोरपंखी," आई रहाट न थांबवता म्हणायची.

"दत्तू, त्याची बकरी?"

"लंगडी. मागचा डावा पाय. अन् लय खाती."

"खाती मी कधी सांगितलं?"

"लंगडी असली तरी खायाची ऱ्हाती का चाचा?"

मग माझ्याकडे. "वैशू, नदीपासून घरापर्यंत पायऱ्या किती?"

"सतरा!" मी ओरडायची. चाचा मान डोलवायचे. "बरोबर. मी तर विसरलोच होतो." आणि नाव पुढे निघायची.

मला वाटायचं, ते गंमत करतात. खरंच विसरत असतील, हे कधी मनात आलं नाही.

दहावीनंतर वडिलांचा विचार मला कामाला लावायचा होता. चाचा त्यांच्याकडे चहाला आले. माझ्यासमोरच म्हणाले, "पोरीला नाशिकला पाठवा भाऊ. मागावर बसणारे हात खूप मिळतील. ही प्रश्न विचारते." वडिलांनी आठ दिवस घेतले आणि हो म्हणाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आज माझ्या पगारावर घर चालतं, आई माझ्याजवळ राहते, त्याची सुरुवात त्या कपभर चहात आहे, हे मी कधी विसरले नाही. एस.टी.त बसवायला चाचा स्टँडवर आले होते. खिडकीशी येऊन म्हणाले, "इंग्रजी चांगलं शीक. माझं इंग्रजी म्हणजे तू जाणतेस... दहा शब्दांतला एक. बाकी चित्र बघून. त्या किताबात खरं काय लिहिलंय ते कधीतरी मला सांग. मला येऊन सांग, बेटा."

'मला' हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला होता, हे मला फार उशिरा आठवलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत एका कपाटाच्या तळाला मला ती नाव दिसली. तेच कव्हर, तेच उलटं शहर, फक्त पानं सगळी शाबूत. मी दोन दिवसांत पुस्तक वाचून काढलं. दोन दुनिया होत्या, नदी होती, आठवणी जाणंही होतं. पण माणसांकडे काही ठेवायला देणं नव्हतं. दार नव्हतं, बकरी नव्हती, पायऱ्या नव्हत्या. दोनशे बाराव्या पानावर मल्लाह वल्हं कसं मारायचं तेच विसरतो आणि धुक्यात बुडतो. चाचांच्या गोष्टीत तो दरवेळी घरी पोचायचा.

निकाल लागला, फर्स्ट क्लास मिळाला. मी पेढे घेऊन येवल्याला गेले. खोलीत चाचा होते, आई होती, दत्तूभाऊ होते आणि नवीन लागलेले दोघे कारागीर. पेढे वाटून झाले. दत्तूभाऊ म्हणाले, "आता मॅडम झाली बरं का ही! बोल काहीतरी इंग्रजीत." आणि मी बोलले. मराठीतच बोलले, पण जे बोलले ते सगळं माझ्या इंग्रजीच्या तोऱ्यातून आलं होतं.

"चाचा, ते पुस्तक मी पूर्ण वाचलं. मल्लाह मरतो त्यात. दोनशे बाराव्या पानावर. आणि ते दार, बकरी, पायऱ्या... तसलं काहीच नाहीये त्यात."

दत्तूभाऊ खो-खो हसले. "म्हंजी चाचा, इतकी वरसं थापा मारत व्हते का आम्हाला? अन् मी आपली बकरी सांभाळतोय!" नवीन पोरंही हसली. त्या हसण्यात दत्तूभाऊंचं वाईट काही नव्हतं. पण चाचांचा हात धाग्यावरच थांबला होता. म्हणाले, "असं लिहिलंय का... बरं. तू शिकलीस, तू वाचलंयस. बरोबरच असणार." आणि खाली वाकले.

घरी जाताना आई माझ्या पुढे पुढे चालत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "म्या काय तिथं पुस्तक ऐकाया बसत व्हते का गं?"

त्यानंतर चाचांनी गोष्ट सांगितली नाही. मी ईदला जायची, दिवाळीचा फराळ घेऊन जायची. ते तितक्याच मायेनं बसवून घ्यायचे, शीरखुर्म्याची वाटी दुसऱ्यांदा भरायचे. मी भीत भीत म्हणायची, "चाचा, मल्लाहचं पुढे?" ते म्हणायचे, "पदर लागलाय, बेटा." मागावर साधं अंग चाललेलं मला दिसत असायचं. माफी मागावी असं प्रत्येक वेळी वाटायचं. पण कशाची मागायची? मी खोटं तर बोलले नव्हते. त्यांनीच विचारलं होतं, मी तेच सांगितलं होतं. असल्या हिशेबी समजुतीवर मी कितीतरी वर्षं काढली.

शेवटची भेट मागच्या ईदनंतरची. डोळ्यांमुळे माग बंद झाला होता. ते खाटेवर बसले होते. शाळेतली पोरं काय काय वाचतात ते मी सांगत होते, आणि ते ऐकता ऐकता मध्येच म्हणाले, "वैशू, तुला एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेमकं त्याच वेळी मी घड्याळाकडे पाहत होते. नाशिकची गाडी पाच मिनिटांत सुटणार होती. "राहू दे," ते म्हणाले, "गाडी चुकेल तुझी. पुढच्या वेळी."

परवा, तीन आठवड्यांनी, चाचींना भेटायला गेले. त्या नवऱ्यामागच्या इद्दतमध्ये आहेत, घराबाहेर पडत नाहीत. आतल्या खोलीत त्यांनी मला जवळ बसवलं आणि कापडात बांधलेलं एक पुस्तक हातात दिलं. कव्हरवरची नाव ओळखू येईना इतकी झिजली होती. सोबत इंग्रजी-मराठी शब्दकोश, पाठ उसवलेला.

"तू पेढे घेऊन आलतीस ना, त्याच्यानंतर आणला हा देवळालीवरून," चाची म्हणाल्या. "रोज सकाळी चष्मा लावून एक पान. कधी अर्धं. मी म्हणायची, आता या वयात परीक्षा द्यायची है क्या?"

मी पुस्तक उघडलं. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं बारीक मराठी अर्थ. काही खोडून पुन्हा लिहिलेले, काही तिसऱ्यांदा. फाटल्यावर उरलेल्या पहिल्या पानापासून दोनशे अकराव्यापर्यंत. तिथे जांभळ्या रेशमाचा एक धागा ठेवलेला होता. दोनशे बाराव्या पानावर नुसती छपाई, पेन्सिलीची खूण नाही. त्याच्या पुढची सगळी पानं तशीच.

"इथे थांबले?"

"इथेच थांबायचे. मग परत पहिल्यापासून. किती बार झालं असं, मोजलं नाही मी. विचारलं, पुढं का जात नाही? तर म्हणायचे, वैशूला एक विचारायचंय, मग जाईन. मी म्हटलं, फोन लावू का? तर नको. म्हणे, ती म्हणेल, ते किताबात नाहीये."

दोनशे अकराव्या पानाच्या खालच्या मोकळ्या जागेत तीन ओळी होत्या. चाचांचं अक्षर मी ओळखते, सातवीतल्या मुलासारखं, सावकाश.

दार – मोरपंखी. शांताबाई.

बकरी – लंगडी, डावा पाय. दत्तू.

पायऱ्या – वैशूला विचारणे.

मी हे नाशिकला येऊन आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. पहिल्या ओळीवरच म्हणाली, "मोरपंखीच व्हतं. मंग?" तिसरी ओळ ऐकून तिनं जुडी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. धागा आहे तिथेच आहे. त्या ओळीपुढे आकडा लिहावा म्हणून चार-पाचदा पेन्सिल हातात घेतली, पण ते अक्षर त्यांचं आहे, आणि विचारायचं होतं ते त्यांना होतं. शाळेतली ती मुलगी अजून विचारते, मॅडम, तुमचं फेवरिट युनिव्हर्स राहिलं. सांगेन तिला कधीतरी. सध्या मला एवढंच कळतं की नदीच्या काठाशी नाव येऊन उभी आहे, मल्लाहला दाराचा रंग माहीत आहे, बकरी माहीत आहे, आणि धुक्यात तो थांबलाय, कारण घर किती वर आहे हे ज्या मुलीकडे ठेवायला दिलं होतं, तिला गाडी गाठायची होती.

सतरा, चाचा. सतरा पायऱ्या.