वसंताची अंधेरीची मावशी

वसंताला अंधेरीत मावशी नव्हतीच.

हे मला आज दुपारी कळलं. तो सकाळी गेला.

एका बोटाने टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. पण आज लिहिलं नाही तर मला झोप लागायची नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी आणि वसंता पार्ल्यात एका खोलीत राहायचो. कॉलेज एक, वर्ग एक, खाणावळही एकच. तो मालवणकडचा, मी चिपळूणचा. दोघांच्याही घरून मनीऑर्डर यायची तेव्हा महिना चालायचा. टूथपावडर एक, कंदील एक, इस्त्रीचा शर्ट एक. ज्याची तोंडी परीक्षा, त्याने तो घालायचा.

आमच्या खाणावळीत खाड्याची पद्धत होती. उद्या जेवायला येणार नसाल तर आज खाणावळवाल्या काकूंना सांगायचं. त्या वहीत खाडा मांडायच्या आणि तेवढे पैसे महिन्याच्या बिलातून कमी व्हायचे.

रविवारी मात्र खाडा नाही. रविवारी फीस्ट.

दिवाळीनंतर वसंताने एकदम खाडे लावायला सुरुवात केली. आठवड्यातून चार संध्याकाळी.

"अंधेरीला मावशी आली आहे राहायला. तिच्याकडे जेवतो."

मी जळायचो. खोटं कशाला बोलू, जाम जळायचो.

"एकदा मला पण ने ना रे!"

"तिला पाहुणा चालत नाही यार. फार तिरसट आहे."

संध्याकाळी तो निघायचा, आमची जेवणं आटोपली की परत यायचा. तोंडात बडीशेप. मलाही चिमूटभर द्यायचा. "घे, मावशीकडची."

रविवारी तो भातावर भात घ्यायचा. मी पंगतीत ओरडायचो, "काय रे, मावशी उपाशी ठेवते की काय तुला?"

सगळे हसायचे. तोही हसायचा.

आणि मग मी त्याची श्रीखंडाची वाटी ओढून घ्यायचो. "तू तर रोज मावशीकडे हाणतोस. हे माझं."

तो म्हणायचा, "खा रे. माका गोड नको."

एकदा नाही. दिवाळीपासून परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत, प्रत्येक फीस्टला.

एकदा काकूंनी मला हात धुताना गाठलं. हातात ती वही होती.

"काय रे विनू, या वसंताची मावशी खरी ना? पोराचा चेहरा बघ कसा उतरलाय."

आता यात माझा मूर्खपणा ऐका. काही मुलं दुसऱ्या स्वस्त खाणावळीत जेवायची आणि आमच्याकडे खाडा लावायची. ते काकूंना खपत नसे. मला वाटलं, त्या वसंताला पकडायला आल्यात. दोस्ताला वाचवायला पाहिजे.

मी म्हटलं, "खरी म्हणजे काय काकू! मी स्वतः जेवून आलोय तिच्याकडे. काय झकास आमटी करते!"

काकूंनी वही मिटली. "मग ठीक आहे रे बाबा. मला आपली काळजी वाटली."

काळजी. तो शब्द मी ऐकला आणि सोडून दिला.

वसंता मागेच उभा होता, हात धुवायला. खोलीवर जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि गल्लीच्या टोकापर्यंत काढला नाही. मी म्हटलं, आज स्वारी खूश दिसतेय.

परीक्षेची फी त्याने शेवटच्या दिवशी भरली. "मावशीने दिली," म्हणाला. मी म्हटलं, नशीबवान आहेस लेका.

आज स्मशानातून परत आलो तेव्हा त्याची धाकटी बहीण शालन शेजारी येऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुमच्या अंधेरीच्या मावशीने किती केलं त्याचं त्या वर्षी."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"विनूदादा, आमची आई एकुलती एक. मावशी कुठली? त्या वर्षी बाबांची नोकरी गेली होती. मनीऑर्डर निम्म्यावर आली. दादाने खाडे लावून लावून फी जमवली. अंधेरी स्टेशनपर्यंत चालत जायचा, नळाचं पाणी प्यायचा आणि परत यायचा. बडीशेपसुद्धा खाणावळीतलीच, रविवारी खिशात टाकलेली."

मग तिने माझा हात धरला.

"तुम्ही अजून नाटक करताय होय? दादाने सांगितलंय मला. विनूला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं म्हणायचा, पण कधी तोंडावर आणलं नाही. दादा म्हणायचा, विनूने काकूंपुढे मावशी उभी केली म्हणून माझी परीक्षा झाली. आणि रविवारी माझी वाटी मुद्दाम ओढून घ्यायचा, कुणाला शंका येऊ नये म्हणून. असा मित्र मिळायला भाग्य लागतं, म्हणायचा."

मी होकाराची मान हलवली.

होय. मी मान हलवली आणि तिचे डोळे पुसले. त्या घरात तेवढंच सुचलं मला.

म्हणून इथे लिहितोय. शालन, तूही वाचशील.

मला काही ठाऊक नव्हतं. मी काकूंना तसं सांगितलं नसतं तर त्या माउलीने त्याला हाताला धरून पानावर बसवलं असतं, एक पै न घेता. मी त्याचं जेवण तोडलं. आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं, माझ्या लग्नात, मुलीच्या आजारपणात, बायको गेली तेव्हा, तो माझ्या दारात आधी हजर. मला वाटायचं, याचा माझ्यावर इतका जीव का?

तो त्या उपकाराची परतफेड करत होता. जो मी केलाच नव्हता.

वसंता, मला माहीत नव्हतं रे. मला फक्त श्रीखंड हवं होतं.

तुझा तो मित्र मी नव्हतो. तरी तुला शेवटचा नमस्कार मीच करतोय, कारण त्या पंगतीतलं दुसरं कोणी उरलं नाही.

जा वसंता. शक्य झालं तर माफ कर.